टीसीएलचं पाणी आणि गप्पी मासा

कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण विहिरीच्या जड पाण्यात हाच घेवडा शिजायला घाम काढतो. काळ्या पाषाणातून पाझरताना पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं. मग साबणाला फेस येत नाही आणि हंड्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो. गप्पी माशाला मात्र हे पाणी चांगलं मानवतं. त्याला ते सोसत नाही, ते नळातून आल्यावर. माणसानं शे-सव्वाशे वर्षं खपून पाणी स्वतःपुरतं निर्धोक केलं, आणि घरात फिश टँक मांडणाऱ्याला त्यातला बराचसा खटाटोप आता उलटा फिरवावा लागतो.

पूर्वी पाणी साफ करणं म्हणजे ते निवळणं. सुश्रुतसंहितेत गढूळ पाण्यासाठी सात वस्तू सांगितल्या आहेत: निवळीचं बी, गोमेद, कमळाचं मूळ, शेवाळाचं मूळ, वस्त्र, मोती आणि स्फटिक. मोती-गोमेद राजेरजवाड्यांनाच परवडणारे. सामान्यांच्या घरात टिकलं ते माठावरचं फडकं, आणि पुढे तुरटीचा खडा. गाळ खाली बसवणं एवढाच या साऱ्यांचा आवाका. पटकी त्यांना दाद देत नसे.

पटकीचं भय पंढरीच्या वाटेवरच्या गावांना तर फारच. १८९०च्या दशकात आग्र्याच्या प्रयोगशाळेतले अर्नेस्ट हँकिन यांनी विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा धडाका लावला. पाणी गुलाबी होई, लोक बिचकत. दुसरी पावडर आली ती कापडगिरण्यांच्या वाटेनं. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ साली ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं ते कापड पांढरं करण्यासाठी. १९०५ साली इंग्लंडमधल्या लिंकन शहरात विषमज्वराची साथ आली, तेव्हा नळाच्या पाण्यात सतत क्लोरीन सोडण्याचा उपाय झाला. पुढे ती पद्धत जगभर पसरली.

महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींत या पावडरीला कुणी ब्लीचिंग म्हणत नाही; ती 'टीसीएल'. जलसुरक्षक टाकीत टीसीएल टाकतो, मग नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात क्लोरीन तपासायच्या 'ओटी' द्रावणाचे थेंब सोडतो. पिवळा रंग आला की क्लोरीन पोचला. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असं भारतीय मानक सांगतं. पण माशाचे कल्ले पोळायला एवढासा क्लोरीनही पुरतो.

गंमत अशी, की गप्पी मासा इथे आला तोच पाण्याचा सफाई कामगार म्हणून. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी पाहिला. त्यानंतर डासांच्या अळ्या खाणारा मासा शोधणं ओघानंच आलं. दक्षिण अमेरिकेकडचा गप्पी १९१०च्या सुमारास भारतात आला, गंबुशिया हा दुसरा अळीखाऊ मासा १९२८ साली. आजही आरोग्य विभाग गप्पी पैदास केंद्रं चालवतो आणि डबकी-हौदांत मासे सोडतो. घरातल्या काचपेटीत तो गेला तो निव्वळ शेपटीच्या देखणेपणावर.

काचपेटीचं शास्त्र मात्र लंडनचं. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानं सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून दाखवलं, की मेळ बसला तर पाणी न बदलताही टिकतं. त्याला टीसीएलची पीडा नव्हती.

आपल्याकडच्या हौशी लोकांनी त्यावर दोन तोडगे काढले. एक बिनपैशाचा: पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवायचं, क्लोरीन उडून जातो. दुसरा फोटो स्टुडिओतला. फोटो पक्का करायला वापरत तो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन लगेच मारतो. त्याचे स्फटिक माशांच्या दुकानांत अजून विकले जातात. डार्करूम गेल्या, हायपो राहिला.

आता आरओ आला. त्याच्या पडद्यामागचं काम कॅलिफोर्नियात सिडनी लोएब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सूरीराजन यांचं. जड पाणी त्यातून गेलं की क्षार जवळजवळ सगळेच गळतात. अॅमेझॉनकडच्या निऑन टेट्राला असं मऊ पाणी हवंच, पण नुसत्या आरओवर टाकी भरणं चूक. सामू स्थिर राहायला थोडे क्षार लागतात, म्हणून जाणते लोक त्यात मापानं विहिरीचं पाणी मिसळतात. गप्पी पाळायचे तर आरओचा खर्च कशाला, हा माझा रोखठोक सल्ला.

खरी सफाई मात्र फिल्टरच्या स्पंजात चालते. माशांनी टाकलेल्या अमोनियाचं जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. सर्गेई विनोग्राडस्की यांनी हे जिवाणू वेगळे काढले ते १८९०च्या सुमाराला, म्हणजे इकडे पटकीच्या जंतूंवर मोहीम चालू असतानाच. नवा स्पंज या जिवाणूंनी भरायला महिनाभर लागू शकतो. तो नळाखाली धुतला तर टीसीएल त्यांनाही मारतो. म्हणून पाणी बदलताना टाकीतून काढलेल्या बादलीतच स्पंज पिळून घेतात.