न्यूयॉर्कमधले पहिले दिवस

धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद भरली. तीस उपस्थित असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या परदेशी पदव्या आपल्याला पाठ असतात. त्या अभ्यासापूर्वीचे दिवस मात्र चरित्रांत चार ओळींत आटोपतात. आम्हांस तेच दिवस महत्त्वाचे वाटतात.

बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, वयाच्या २२ व्या वर्षी, जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल वसतिगृहातले अन्न मानवेना, म्हणून थोड्याच दिवसांत ते कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये राहावयास गेले. तेथे काही हिंदी विद्यार्थी होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची कायमची मैत्री जडली.

अन्न, खोली, सोबती ही जुळवाजुळव परदेशी गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येते. त्यांना आणखी एका गोष्टीची सवय करावयाची होती. बालपणी शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसलेला, नळाला हात लावण्याची मुभा नसलेला हा तरुण येथे सर्वांच्या पंक्तीला जेवत होता.

वर्ग सुरू होण्याआधीच, ४ ऑगस्ट १९१३ रोजी, त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्यास पत्र लिहिले. मुलांबरोबर मुलींनाही शिकवावे, असा आग्रह त्यात आहे. स्वतःस लाभलेली मोकळीक इतरांसाठी मागणे, हेच त्यांचे परदेशात रुळणे होते. तडवळ्याची वाट आम्हांस येथूनच निघालेली दिसते.