साष्टीतील हवापालट : मुंबई उपनगरांतील सुट्टी आणि मुक्कामाचा इतिहास

मुंबई उपनगरांतील कुटुंबे आज मे महिन्यात किंवा दिवाळीत माथेरान, महाबळेश्वर, कोकण अथवा गोवा गाठतात. परंतु ज्या अंधेरी-बोरिवली परिसरातून ती निघतात, तोच परिसर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई शहरातील सुखवस्तू लोकांच्या विश्रांतीची जागा होता. हा सारा भाग साष्टी बेटात, म्हणजे मुंबईच्या मूळ सात बेटांच्या उत्तरेस वसईच्या खाडीपर्यंत पसरलेल्या मोठ्या बेटात मोडतो. येथील मुक्कामाच्या जागांचा इतिहास पाहिला, तर प्रत्येक काळात तीन गोष्टींना महत्त्व होते असे दिसते: पिण्याचे पाणी, मोकळी हवा आणि नेहमीच्या व्यवहारापासूनचे योग्य अंतर. या तिन्हींचा मेळ बसेल तेथे मुक्काम सुखाचा होई, आणि त्यांतील अंतर नाहीसे झाले तेव्हा साष्टीचे विश्रांतिस्थान म्हणून असलेले स्थानही संपुष्टात आले.

साष्टीतील मुक्कामाची सर्वांत जुनी व्यवस्था बोरिवलीच्या पूर्वेकडील डोंगरात, कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांत आढळते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकामास आरंभ झालेली ही बौद्ध लेणी पुढे सुमारे हजार वर्षे वापरात राहिली. त्यांतील बहुसंख्य लेणी विहार म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या जागा आहेत. पावसाळ्यात प्रवास थांबवून एका ठिकाणी राहण्याच्या भिक्षूंच्या प्रथेला वर्षावास म्हणतात, आणि या प्रथेला लागणाऱ्या सर्व सोयी येथील रचनेत दिसतात: बसण्या-निजण्यासाठी दगडी ओटे, पुढे पडवी, आणि जवळच पावसाचे पाणी साठवणारे टाके, ज्याला शिलालेखांत पोढी असे नाव आहे. कातळात खोदलेल्या पन्हळींतून डोंगरावरचे पाणी या टाक्यांत आणले जाई. सोपारा आणि कल्याण या बंदरांच्या दरम्यान असल्यामुळे कान्हेरीला व्यापाऱ्यांचा आश्रय मिळाला. कोणी लेणे खोदून दिले, कोणी पोढी, तर कोणी अक्षयनीवी म्हणजे जिच्या मुद्दलाला हात न लावता व्याजातून भिक्षूंचा खर्च भागावा अशी कायम ठेव दिली. हा मुक्काम साधनेसाठी होता, सुट्टीसाठी नव्हे. मात्र जागेची निवड तेथे राहण्याच्या हेतूवरून करावी, हे तत्त्व साष्टीत प्रथम येथेच स्पष्ट दिसते.

१५३४ मध्ये वसईच्या तहाने हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला, १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकला, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी तो घेतल्यावर १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा ताबा कायम झाला. पुढील काळात ईस्ट इंडिया कंपनीने साष्टीतील गावे खोतीने, म्हणजे सारावसुलीची जबाबदारी घालून, मुंबईतील धनिकांना दिली. पवईची जहागीर १७९९ मध्ये डॉ. हेलेनस स्कॉट यांच्याकडे आणि १८२९ मध्ये फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे आली, तर १८३० मध्ये बैरामजी जीजीभॉय यांना मालाड, दहिसर, एकसर, मागाठाणे यांसह सात गावे मिळाली. शहरात पेढी आणि साष्टीत जमीन अशी मालमत्तेची विभागणी झाल्यामुळे जमिनीच्या देखरेखीसाठी गेलेल्या मालकाचा मुक्काम आणि त्याची विश्रांती या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी घडू लागल्या.

तरीही साष्टीत जाणे सोपे नव्हते, कारण मुंबई आणि साष्टी यांच्यामध्ये खाडी होती. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, शीव येथे बंधारा झाल्यामुळे पूर्वेकडील वाट खुली झाली. पश्चिमेस मात्र माहीमहून वांद्र्यास जाण्यासाठी नावेशिवाय उपाय नव्हता. ही अडचण १८४५ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या माहीमच्या बंधाऱ्याने दूर केली. त्यासाठी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दीड लाखांहून अधिक रुपये दिले, म्हणून त्या रस्त्याला लेडी जमशेटजी यांचे नाव मिळाले. घोडागाडी वांद्र्याच्या पुढे जाऊ लागली आणि शनिवार-रविवारचा मुक्काम शक्य झाला, तरी तो ज्याच्या दारात गाडी-घोडा आहे त्यालाच परवडणारा होता.

खरा बदल आगगाडीने केला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीने साष्टीचा पूर्व भाग शहराला जोडला. घाटकोपर आणि मुलुंड पुढे याच मार्गावर वाढली. पश्चिमेकडे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते बॅकबे अशी रोजची एक गाडी सुरू केली. त्या वेळच्या स्थानकांच्या यादीत अंधेरीचा उल्लेख ‘अंदारू’ आणि बोरिवलीचा ‘बेरेवला’ असा होई. गाडीमुळे शहरातील व्यापाऱ्याला कुटुंब साष्टीत ठेवून स्वतः सकाळी पेढीवर जाऊन संध्याकाळी परतणे जमू लागले. १८२० च्या दशकाच्या अखेरीस वसलेले महाबळेश्वर किंवा १८५० मध्ये ह्यू मॅलेट यांनी उजेडात आणलेले माथेरान यांना ही सोय नव्हती. तेथे जायचे तर काही दिवस व्यवहार बाजूला ठेवणे भाग पडे. धंदा न मोडता घ्यावयाच्या सुट्टीला साष्टी अनुकूल ठरली ती याच कारणाने.

या सुट्टीला लोक हवापालट म्हणत, म्हणजे प्रकृती सुधारावी म्हणून काही काळ दुसऱ्या ठिकाणच्या हवेत राहणे. हवापालटीच्या बंगल्यात प्रशस्त पडवी, उंच छप्पर, आवारात विहीर, आंबा-नारळाची झाडे आणि वर्षभर राखण करणाऱ्या माळ्याचे बिऱ्हाड असे. सामान, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकी शहरातून बरोबर येत. पश्चिम किनाऱ्याला समुद्राचा वारा होता, त्यामुळे उन्हाळ्यात तिकडे ओढा अधिक राहिला. पूर्वेकडे खाडी, मिठागरे आणि डोंगरपायथा असल्याने सुट्टीच्या बंगल्यांपेक्षा कायम वस्तीचाच जोर पुढे वाढला.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान झाले आणि काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी लोकसंख्या बाहेर पडली. तोपर्यंत मौजेचा असलेला हवापालट आता जीव वाचवण्याचा उपाय झाला. ज्यांना शक्य होते त्यांनी साष्टीत झोपड्या किंवा तात्पुरती घरे उभारली, काहींनी भाड्याने खोल्या घेतल्या, आणि साथ ओसरल्यावरही त्यांतील अनेकांनी उपनगरातील जागा सोडली नाही. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने शहरातील दाट वस्त्या मोकळ्या करण्याचे काम हाती घेतले. त्यामुळे मोकळ्या हवेतील घर ही केवळ श्रीमंतांची हौस नसून आरोग्याची गरज आहे, हा विचार मध्यमवर्गापर्यंत पोहोचला.

स्वतःचा बंगला नसलेल्यांसाठी मुक्कामाचे दोन प्रकार होते. पहिला धर्मशाळेचा, जेथे यात्रेकरूला किंवा वाटसरूला थोड्या दिवसांपुरता विनामूल्य अथवा नाममात्र मोबदल्यात निवारा मिळे. दुसरा सॅनेटोरियमचा, हा शब्द क्षयरोग्यांच्या रुग्णालयालाही लावला जाई, परंतु पश्चिम भारतातील पारशी, गुजराती आणि अन्य समाजांत त्याचा अर्थ ज्ञातीच्या दानातून बांधलेली, प्रकृती सुधारण्यासाठी ठरावीक मुदतीपुरती खोली देणारी जागा असा रूढ झाला. देवळाली, लोणावळे, माथेरान येथे अशा अनेक संस्था उभ्या राहिल्या. ही व्यवस्था स्वस्त आणि विश्वासाची होती, मात्र बहुतेक ठिकाणी ती एका ज्ञातीपुरतीच मर्यादित असल्याने दानशूरपणाबरोबर भेदही जपला गेला. गिरणीत राबणाऱ्या मराठी चाकरमान्याच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. त्याची सुट्टी म्हणजे गणपतीला किंवा शिमग्याला कोकणातील, नाही तर घाटावरील गावी जाणे, आणि त्याचा मुक्काम म्हणजे वडिलोपार्जित घर. तेथे भाडे नव्हते, पण पेरणी-कापणी, घराची शाकारणी आणि देवकार्ये यांची जबाबदारी होती. म्हणून ती सुट्टी विश्रांतीपेक्षा नाती टिकवण्याचे साधन म्हणून पाहणे अधिक योग्य ठरते.

साष्टीतील हवापालटीचे सर्वांत ठळक उदाहरण जुहूचे आहे. ओहोटीच्या वेळी ओलांडता येणारी दलदल मध्ये असल्याने जुहू बराच काळ अलग राहिले. १८९० च्या दशकात जमशेटजी टाटा यांनी तेथे जमीन घेऊन बंगला बांधला, आणि त्यानंतर मुंबईच्या धनिकांचे समुद्राकाठचे बंगले वाढत गेले. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात महात्मा गांधींवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, आणि तुरुंगवासातून सुटका झाल्यावर मार्चपासून मेअखेरपर्यंत ते जुहूला नरोत्तम मोरारजी यांच्या बंगल्यात राहिले. विश्रांतीसाठी घेतलेल्या या जागी मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांच्याशी विधिमंडळ-प्रवेशाविषयी महत्त्वाच्या वाटाघाटी झाल्या, कारण शहरापासून दूर असूनही जुहू अंधेरी-सांताक्रूझच्या गाडीने सहज गाठता येत होते. आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेतून सुटल्यावर मे १९४४ मध्ये ते पुन्हा जुहूलाच आले.

जवळिकीचा हा लाभच पुढे विश्रांतिस्थानाला भोवला. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला, १९२२ मध्ये मुलुंडची नियोजित वस्ती आखली गेली, आणि जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. रोज ये-जा करणे सोपे झाल्यावर हंगामापुरते राहण्याला कारण उरले नाही. बंगल्यांची आवारे विभागली गेली आणि त्यांवर चाळी व सोसायट्या आल्या. मालाडचे उदाहरण बोलके आहे: एफ. ई. दिनशा यांच्या उन्हाळी निवासाच्या जागेवर १९३४ मध्ये हिमांशू राय यांच्या बॉम्बे टॉकीज या चित्रपट कंपनीचा स्टुडिओ उभा राहिला, म्हणजे मालकाने विसावा घेण्याच्या जागी शेकडो लोकांचे काम सुरू झाले. १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये महानगरपालिकेची हद्द वाढून ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली, तेव्हा उपनगर शहराचाच भाग झाले.

विश्रांतीची जी जागा उरली, ती मुख्यतः कायद्याने राखल्यामुळे उरली. १९४० च्या दशकात कान्हेरीभोवतालचे कृष्णगिरी उपवन राखीव झाले, पुढे त्याला विहार आणि तुळशी या तलावांचे पाणलोट क्षेत्र जोडले गेले, आणि आजचे सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आकाराला आले. तेथे राष्ट्रीय उद्यानाचे नियम लागू असल्याने तेथे सकाळी जाऊन संध्याकाळी परतणे हीच बहुसंख्यांची रीत आहे. किनाऱ्यावर मढ, अक्सा, गोराई येथे कोळी आणि ईस्ट इंडियन या स्थानिक ख्रिस्ती समाजाच्या गावांच्या आसपास भाड्याच्या बंगल्यांतून हवापालटीची परंपरा क्षीण रूपात चालू आहे. अंधेरीतील हॉटेलांचा आधार मात्र वेगळा आहे: १९६० च्या दशकापासून जुहूला आणि पुढे सहार विमानतळाच्या परिसरात उभी राहिलेली हॉटेले प्रामुख्याने प्रवासी आणि व्यावसायिक यांच्यासाठी आहेत, आणि त्यांत राहणाऱ्याला हवा नव्हे, तर विमानाची वेळ गाठायची असते.

उपनगरवासीयाला सुट्टीसाठी आता साष्टीबाहेर जावे लागते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने, बँका आणि सरकारी कंपन्यांची कर्मचाऱ्यांसाठीची हॉलिडे होम आणि कोकणात रुजलेली निवास व न्याहारी योजना, म्हणजे स्थानिक कुटुंबाने घरातील खोल्या नोंदणी करून पाहुण्यांना देण्याची पद्धत, हे त्याचे आजचे पर्याय आहेत. त्यांची तुलना करताना जुनेच निकष उपयोगी पडतात. हॉलिडे होममध्ये धर्मशाळेसारखी स्वस्ताई आणि तशीच मुदतीची मर्यादा असते. निवास व न्याहारीत घरचे जेवण आणि गावाची ओळख मिळते, पण हॉटेलातील एकांताची अपेक्षा ठेवणे चुकीचे ठरते. बंगला भाड्याने घेणाऱ्याला हवापालटीच्या काळातील कुटुंबाप्रमाणे घर चालवण्याचे काम बरोबर न्यावे लागते. म्हणून जागा ठरवण्यापूर्वी मुक्कामाचा हेतू ठरवावा, एप्रिल-मेमध्ये तेथे पाणी पुरते का हे विचारून घ्यावे, खिडकीचे तोंड वाऱ्याकडे आहे की रस्त्याकडे हे पाहावे, आणि प्रवासात जाणारा वेळ मुक्कामाच्या दिवसांच्या मानाने किती आहे याचा हिशेब करावा. साष्टीचा इतिहास असे सांगतो की सुट्टीचे सुख जागेच्या थाटामाटावर कधीच अवलंबून नव्हते. ते जागा आणि हेतू यांच्या मेळावर अवलंबून होते, आणि आजही आहे.