पाचशे रुपयांची पोटगी

सोलापूरच्या पूर्व भागात आजही उंबऱ्याशी सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतात. सुपात तेंदूची पाने, तंबाखू, दोरा, कात्री. हजार विड्यांवर मजुरी ठरते. अशा घरातल्या बाईला नवऱ्याने टाकले की तिची गाठ पोटगीशी पडते. पोटापुरते देणे, एवढाच त्या शब्दाचा आवाका. कायद्यानेही कितीतरी वर्षे तेवढेच मोजले.

त्याआधी अनेक जातींत काडीमोड पंचांपुढे व्हायची. बाईने पाट लावला तर दुसऱ्या नवऱ्याने पहिल्याचा लग्नखर्च भरून द्यावा, अशीही रीत काही ठिकाणी होती. देणेघेणे पुरुषापुरुषांत मिटायचे.

इंग्रजी अमलात टाकलेली बायकामुले रस्त्यावर येऊ नयेत म्हणून पोटगी फौजदारी कायद्यात आली. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 488 नुसार महिन्याला जास्तीत जास्त 50 रुपये मिळत. 1923 मध्ये ही मर्यादा 100 झाली, 1955 मध्ये 500. पण घटस्फोट झाला की हा हक्क संपायचा! सोलापूर मुंबई प्रांतात असल्यामुळे इथल्या हिंदूंना घटस्फोटाचा कायदा 1947 मध्येच मिळाला होता. पुढे 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कायम पोटगीची तरतूद झाली, तरी मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात घटस्फोटितेला उभे राहता आले ते 1973 च्या संहितेतल्या कलम 125 मुळे.

मर्यादा मात्र पाचशेवरच राहिली. सोलापुरातल्या कापड गिरण्या बंद पडत गेल्या, धान्य, भाडे, औषधे सगळे महागले, आणि कायदा 1955 च्या आकड्याला धरून बसला. हा निव्वळ विसरभोळेपणा नव्हता; टाकलेल्या बाईची गरज कुणाला तातडीची वाटत नव्हती. 1988 मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हा या बायका स्वतःचे म्हणणे घेऊन पुढे आल्या. महाराष्ट्राने 1999 मध्ये मर्यादा 1500 रुपये केली. 2001 मध्ये संसदेने ती काढूनच टाकली आणि अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढण्यास सांगितले.

मुस्लिम बायकांची वाट आणखी वळणाची. घटस्फोटित मुस्लिम बाईलाही कलम 125 ची पोटगी देणारा 1985 चा शाहबानो निकाल, त्याला वळसा घालणारा 1986 चा कायदा, आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्वाळा: कलम 125 त्यांनाही खुले आहे.

आकड्याची भिंत पडली, तरी पुराव्याची उरली. यंत्रमागावरच्या कामगाराला अनेकदा पगार रोख मिळतो. पगारपत्रकच नाही, मग उत्पन्न सिद्ध कसे करायचे? नागपूरहून सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये दोन्ही बाजूंना मिळकत आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हेही ठरले.

सोलापुरात त्याआधीच एक वेगळी गोष्टही घडली होती. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने शहराजवळच्या कुंभारीत विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे दिली गेली. स्वतःचे छप्पर असलेल्या बाईला 'निघ घराबाहेर' म्हणणे सोपे नसते.

कोर्टाचा हुकूम हातात आल्यावरही नवरा पैसे भरेलच असे नाही. मग वसुलीचा अर्ज, वॉरंट, पुन्हा तारीख. थकबाकी देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत कलम 125 ची जागा घेतलेल्या कलम 144 मध्येही ही अट तशीच आहे. प्रत्येक तारखेला सूप बाजूला ठेवावे लागते, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.