बारा महिने, चार पानं

१५४३ साली पोर्तुगीज माणसं जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरली. त्यांच्या बंदुकांवर इतिहासाच्या पुस्तकांत पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. खलाशांबरोबर आलेल्या पत्त्यांच्या वाट्याला जेमतेम ओळ येते. पुढे गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी अशी व्यापारी वाट रुळली आणि त्या वाटेने आणखी काय काय गेलं. पण बंदुकांइतकाच पक्का मुक्काम जपानात कशाने केला असेल तर या पत्त्यांनी.

पोर्तुगीज कॅटमध्ये दश्शी नसे. एक ते नऊ आणि वर तीन चित्रं, म्हणजे एका रंगाची बारा पानं. सोटे, तलवारी, पेले आणि नाणी असे चार रंग. एकूण ४८. क्यूशू बेटावरच्या मिइके गावात सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याची हुबेहूब नक्कल होऊ लागली, अगदी एक्क्यावरच्या ड्रॅगनसकट. पत्ते आले की जुगार आला आणि जुगार आला की बंदी. एदोचं सरकार बंदी घाली, खेळणारे पानांचा तोंडवळा बदलत. अठराव्या शतकाच्या शेवटी सरकारने फारच आवळून धरलं. सोटे-तलवारी, आकडे सगळं मागे पडलं आणि फुलांचे पत्ते, म्हणजे हानाफुदा, पुढे आले.

गंमत अशी की तोंडवळा बदलला तरी मोजणी सुटली नाही. चार रंगांची बारा-बारा पानं होती, ती बारा महिन्यांची चार-चार झाली. ४८ ते ४८च. हानाफुदाच्या पानावर आकडा शोधून सापडत नाही, पण पोर्तुगीज रक्त ओळखायला एवढी बेरीज पुरे.

हानाफुदातली जोड्या लावायची हौस मात्र अस्सल जपानचीच, पत्त्यांहून काही शतकं जुनी. दरबारी घरांत शिंपल्यांचा खेळ असे. शिंपल्याची दोन अर्धुकं फक्त एकमेकांशीच नीट बसतात, दुसऱ्या कुठल्याही अर्धुकाशी नाही. ३६० शिंपल्यांचा संच. एकेका शिंपल्याचं एक अर्धुक पालथं मांडायचं, दुसरं मधे ठेवायचं आणि पाठीवरच्या रेघा पाहून जोडीदार हुडकायचा. आतून दोन्हींवर एकच चित्र रंगवलेलं असे. लग्नात नवरीबरोबर हा संच पाठवत. पुढे शिंपल्यांची जागा कागदाने घेतली आणि शंभर कवींच्या शंभर कवितांचे पत्ते झाले. एकाने कविता वाचायची आणि इतरांनी तिचा उत्तरार्ध लिहिलेलं पान झडप घालून उचलायचं. १९०४ साली कुरोइवा रुइको या पत्रकाराने तोक्योत त्याची स्पर्धा भरवली. आता दर जानेवारीत ओत्सूच्या ओमी देवळात अजिंक्यपदाच्या लढती होतात. सात कविता अशा आहेत की पहिलं अक्षर कानावर पडताच हात सुटतो, कारण त्या अक्षराने सुरू होणारी दुसरी कविता शंभरांत नाही. याला बैठा खेळ कोणत्या तोंडाने म्हणायचं?

हानाफुदा त्यामानाने निवांत. पानं पत्त्याच्या निम्म्याएवढीही नसतात, पण जाड. पाठीचा कागद कडेवरून पुढे दुमडून चिकटवलेला. जोडीच्या पानावर पान आपटलं की फट्‌ असा आवाज येतो, आणि खरा खेळणारा तो आवाज काढल्याशिवाय राहत नाही. जानेवारीत पाइन आणि क्रौंच, मार्चमध्ये चेरी आणि पडदा, जुलैत रानडुक्कर, ऑक्टोबरात मेपल आणि हरीण. ऑगस्टच्या गवतावर पूर्ण चंद्र दिसतो, कारण हे महिने जुन्या चांद्र पंचांगाचे. तो चंद्र शरदातला.

‘कोइ-कोइ’ हा दोघांचा डाव. पत्ते पिसून दोघांना आठ-आठ आणि मधे आठ उघडी. उरलेली २४ गड्डीत. हातातलं एक पान टाकायचं, मधे त्याच महिन्याचं पान असलं तर दोन्ही आपली. मग गड्डीतलं वरचं पान उलटायचं, त्यालाही तोच नियम. नुसती पानं जमवून भागत नाही, ठरलेले संच जुळावे लागतात. डुक्कर, हरीण आणि जूनची फुलपाखरं एकत्र आली की पाच गुण. चंद्राला सप्टेंबरचा साकेचा प्याला मिळाला तरी पाच. चांदण्यात बसून पिण्याचे गुण देणारा खेळ मला तरी दुसरा ठाऊक नाही. संच जुळला की थांबून गुण घ्या, नाहीतर ‘कोइ-कोइ’, म्हणजे ‘ये ये’, म्हणून डाव पुढे चालवा. त्यानंतर समोरच्याने आधी संच लावला तर तुमच्या हाती शून्य, आणि त्याचे गुण बऱ्याच ठिकाणी दुप्पट.

मेजी काळात बंदी उठली आणि १८८९ साली क्योतोत फुसाजिरो यामाउची यांनी हानाफुदा बनवायचं दुकान काढलं. व्हिडिओ गेमवाली निन्तेन्दो ती हीच. तिचे हानाफुदा आजही विकत मिळतात, आणि सगळ्यात नावाजलेल्या जोडाच्या वेष्टनावर, का कोण जाणे, नेपोलियन आहे.

हेच पत्ते समुद्र ओलांडून कोरियात गेले. तिथे कागद जाऊन प्लॅस्टिक आलं, पावसाचं पान नोव्हेंबरातून डिसेंबरात सरकलं. खेळाचं नाव पडलं ‘गो-स्टॉप’. पुरेसे गुण झाले की तिथेही तेच विचारतात: थांबतोस की पुढे जातोस?