पीयू पॉलिश फडक्याने घरच्या घरी: दुकानात कोणता डबा मागायचा, लावायचा कसा, धोका कुठे

सुतार काम संपवून गेला, झोपाळा किंवा कपाट उभं राहिलं, आणि पॉलिशवाला मिळत नाही. मिळालाच तर मजुरी ऐकून माणूस गप्प बसतो. मग मोबाईलवर व्हिडिओ बघितला जातो. परदेशातला एक सुतार डब्यातलं पाण्यासारखं काहीतरी फडक्यावर घेतो, टेबलावरून हात फिरवतो आणि लाकडाच्या रेषा उठून दिसतात. ब्रश नाही, कॉम्प्रेसर नाही. हे आपल्यालाही जमेल असं वाटतं, आणि ते खरंही आहे. पण त्या डब्यावर लिहिलेलं ‘वाइप-ऑन पॉली’ हे नाव घेऊन तालुक्याच्या पेंटच्या दुकानात गेलं की दुकानदार बहुतेक वेळा दुसराच डबा पुढे करतो. गडबड होते ती तिथेच.

अमेरिकेत मिनवॅक्ससारख्या कंपन्या हा डबा तयार विकतात. त्यात जादू काही नाही. तेलावर आधारलेलं पॉलियुरेथेन व्हार्निश असतं, म्हणजे आपण ज्याला पीयू म्हणतो त्यातलाच एक प्रकार, आणि ते फडक्याने पसरावं म्हणून पातळ केलेलं असतं. हेच आपल्याकडे घरी बनतं. त्यासाठी ऑनलाइन महागडा डबा मागवायची गरज नाही.

दुकानात काय मागायचं

‘पीयू द्या’ एवढंच म्हटलं तर दुकानदार दोन डब्यांची जोडी देऊ शकतो, एक बेस आणि एक हार्डनर. हा टू-पॅक किंवा टू-के पीयू. मोठ्या शहरातल्या फर्निचरवर चमकतो तो बऱ्याचदा हाच, आणि चांगला पक्काही असतो. पण तो फडक्याने घरात लावायचा माल नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. स्प्रे मारताना त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. तोंडाला रुमाल बांधून हे थांबत नाही. शिवाय दोन्ही डबे एकत्र केले की काही तासांत उरलेला माल भांड्यातच दगड होतो. ज्याच्याकडे योग्य मास्क, कॉम्प्रेसर आणि सवय आहे त्याने ते काम करावं.

आपल्याला हवा तो ‘सिंगल पॅक पीयू, क्लिअर’. तेवढ्यावरही थांबू नये. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचावीत, किंवा घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यावीत. पातळ करायला मिनरल टर्पेंटाईन किंवा एमटीओ लिहिलं असेल तर डबा बरोबर. ‘पीयू थिनर’ लिहिलं असेल तर परत करावा, कारण एका डब्यात येणाऱ्या काही मालातही आयसोसायनेट असतं. मेलामाइन आणि एनसी लॅकर ही वेगळीच घराणी आहेत, या पद्धतीत बसत नाहीत. पाण्यावरचा दुधाळ पीयू वासाला हलका असतो, पण इतक्या लवकर वाळतो की नवख्या हाताने फडक्याचे पट्टे उठतात.

डब्यावर उत्पादनाची तारीखही बघावी. जुन्या मालावर दुधासारखी साय धरते. चमकदार हवा की मॅट, हे घरच्यांना विचारून ठरवावं. मॅटवर ओरखडे आणि धूळ कमी दिसते. सात बाय तीन फुटांच्या आतल्या दरवाजाला दोन्ही बाजूंनी चार हात द्यायचे तर साधारण अर्धा ते पाऊण लिटर पीयू आणि जवळपास तेवढंच टर्पेंटाईन लागतं.

टर्पेंटाईनऐवजी घरातलं रॉकेल घालायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. रॉकेल तेलकट, उडायला उशीर लावतं, आणि पॉलिश कितीतरी दिवस बोटाला चिकटत राहतं. चार पैसे वाचतात आणि कपाट खराब होतं.

लाकूड आधी, पॉलिश नंतर

अर्ध्याहून जास्त मेहनत घासण्यात आहे. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, मग २२०. हात कायम लाकडाच्या रेषेच्या दिशेने चालवावा, आडवा घासला की ते ओरखडे पॉलिशखालून डोळ्यांत भरतात. सुताराच्या हातून सांडलेला फेव्हिकॉलचा थेंब आत्ता दिसत नाही, पण पॉलिशचा हात पडला की तिथे पांढुरका डाग उमटतो. म्हणून सांध्याजवळ टर्पेंटाईनचं फडकं फिरवून बघावं, डाग लगेच दिसतो आणि घासून काढता येतो.

सागवानात स्वतःचं तेल असतं. म्हणूनच त्याला वाळवी सहसा लागत नाही, पण त्याच तेलामुळे पॉलिश वाळायला कधी कधी कुरकुरतं. पहिला हात देण्याआधी थिनरने ओलं केलेल्या फडक्याने पृष्ठभाग पुसून घेतला की बहुतेक वेळा काम भागतं. शिसम जास्त हट्टी. त्यातल्या नैसर्गिक रसायनांमुळे तेलाचं पीयू दिवसेंदिवस ओलंच राहू शकतं. त्यावर आधी लाखेचा एक पातळ हात द्यावा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून भांडं हलवू न देता ठेवलं की मेण खाली बसतं. वरचं नितळ पाणी तेवढं घ्यायचं, कारण मेणावर पीयू धरत नाही.

जुन्या पलंगावर आधीचं पॉलिश कोणतं हे कळायला कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा चोळावा. चिकट झालं तर लाखेचं आहे. ते पूर्ण काढलेलं बरं. जुन्या वस्तूवर रंग असेल तर कोरडं घासू नये. घरगुती रंगातल्या शिशावर देशात ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसं असू शकतं. पाण्याचा पेपर वापरावा, मास्क लावावा आणि पोरांना लांब ठेवावं.

हात कसा द्यायचा

डबा हलवू नये, बुडबुडे होतात. काठीने तळापासून सावकाश ढवळावं, मॅट मालाची पावडर तळाला बसलेली असते. स्टीलच्या जुन्या वाटीत एक भाग पीयू आणि एक भाग टर्पेंटाईन घ्यावं. थर्माकोलचा कप घेऊ नये, तो टर्पेंटाईनने विरघळतो.

फडकं सुती आणि बरंच धुतलेलं हवं. जुनं धोतर किंवा बनियन उत्तम. नव्या कापडाचे तंतू सुटतात आणि पॉलिशमध्ये कायमचे अडकतात. हातात मोजे घालून फडक्याची तळहाताएवढी घडी करावी, बुडवावी, थोडी पिळावी. मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच लांब हात. डोक्याला तेल चोपडल्यासारखं नाही, पुसल्यासारखं. लाकूड ओलं दिसलं पाहिजे, पण कुठेही थेंब साचता कामा नये. नवख्याची चूक एकच होते: एखादी जागा सुटली असं वाटून पाच मिनिटांनी तिथे परत हात फिरवला जातो. तोपर्यंत थर ओढला गेलेला असतो आणि फडक्याच्या खुणा राहतात. सुटलेली जागा पुढच्या हातात भरते. खिडकीच्या उजेडाकडे तिरकं बघत काम केलं की सगळं दिसतं.

पहिला हात वाळल्यावर लाकूड खरबरीत लागतं, घाबरू नये. ३२० नंबरने हलकं घासावं. पांढरी कोरडी भुकटी निघाली तर पुढचा हात द्यायला हरकत नाही. पेपरला गोळ्या चिकटल्या तर अजून थांबावं. रात्रभर थांबणं सगळ्यात सोपं. फडक्याचे तीन हात म्हणजे ब्रशचा जेमतेम एक हात, हे धरून चालावं. कपाटाला चार पुरतात, जेवणाच्या टेबलाला सहा द्यावेत. वाळलं म्हणजे पिकलं असं नाही. तीन-चार आठवडे त्यावर गरम पातेलं किंवा ओला तांब्या ठेवू नये.

कोकणात जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये, दमट हवेत थर वाळत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात उलटं, टर्पेंटाईन हातातल्या हातात उडून जातं. दिवाळीनंतरचे दिवस चांगले, पण शेजारी मळणी चालू असेल तर धूळ बसेपर्यंत थांबावं.

काही वस्तूंना हे पॉलिश नकोच. पोळपाट-लाटणं कोरडंच बरं. कुऱ्हाडीच्या किंवा खोऱ्याच्या दांड्यावर पीयूचा गुळगुळीत थर हाताला फोड आणतो, त्याला जवसाचं तेल चांगलं. ऊन-पाऊस थेट खाणाऱ्या बाहेरच्या दरवाजाला फडक्याचा पातळ थर टिकत नाही. त्यासाठी बाहेरच्या कामाचा म्हणून लिहिलेला माल ब्रशने जाड लावावा लागतो आणि काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो.

फडकं आणि बाटली

काम झाल्यावर फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकला जातो. यात आग लागू शकते, काडी न लावता. पीयूतलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि वाळताना गरम होतं. पसरलेल्या फडक्यातली उष्णता निघून जाते. बोळ्यात ती आतच कोंडते, वाढत जाते आणि काही तासांनी कापड पेट घेतं. गोठ्याजवळ, कडब्याच्या गंजीशेजारी किंवा बारदानाच्या ढिगावर असा बोळा पडला तर सगळे झोपलेले असताना काय होईल, ते सांगायला नको. प्रत्येक फडकं मोकळं करून अंगणात फरशीवर किंवा तारेवर एकेकटं पसरावं. कडक वाळेपर्यंत दुसरं काही करू नये. घाई असेल तर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवावं. काम चालू असताना त्या खोलीत चूल, समई, बिडी काही नको, दारं-खिडक्या उघड्या हव्यात.

उरलेलं मिश्रण लहान काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवलं तर साय धरत नाही. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत मात्र कधीच नाही. टर्पेंटाईन दिसायला पाण्यासारखं असतं आणि तहानलेलं पोर बाटली थेट तोंडाला लावतं. असं झालंच तर उलटी करायला लावू नये, कारण उलटी होताना ते फुप्फुसात उतरतं. बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा.

बरणी जपून ठेवायचं कारण पुढे कळतं. दोन-तीन वर्षांनी टेबलावर ओरखडे पडतात, डब्याचा गोल डाग उमटतो. जाड पॉलिश असेल तर अख्खं खरवडावं लागतं. फडक्याच्या थराला साबणाच्या पाण्याने पुसून, ३२० नंबरचा पेपर हलका मारून, त्याच बरणीतला एक हात दिला की संध्याकाळपर्यंत काम उरकतं.