तळटीप : ‘छापा घातला’

छापा घातला : आज छापा पडतो तो आयकर खात्याचा नाहीतर पोलिसांचा, तोही पंचांसमक्ष. इथला छापा रात्रीचा आहे. शत्रू तळ ठोकून निजलेला, चौकीदार पेंगुळलेले. मूठभर माणसांनी आत घुसायचे, काम उरकायचे आणि गलका होऊन फौज सावध होण्याआधी निसटायचे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज पुण्याच्या लाल महालात शिरले, तो याचा अस्सल नमुना. रमजानचा महिना होता. तिथे मुक्कामाला असलेला मोगल सुभेदार शायिस्ताखान जिवानिशी सुटला, पण बोटे गमावून. मुलगा अबुल फतह मारला गेला. याला नुसता ‘हल्ला’ म्हणणे पचपचीत होईल, कारण हल्ला दिवसाढवळ्या, रणवाद्ये वाजवूनही होतो. ‘घाला’ बराच जवळचा, मात्र त्याला दरोडेखोरीचा वास येतो. म्हणून काळ घाला घालतो, छापा नव्हे. ‘झडप’ ससाण्याची, बिबट्याची. १६६१ मध्ये उंबरखिंडीत महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला गाठले, तिथे तर यांतला एकही शब्द नीट बसत नाही : मावळे झाडीत दबा धरून होते आणि खान आपल्या पायांनी खिंडीत आला. घालणारा छापा ‘घालतो’, सोसणाऱ्यावर तो ‘पडतो’. हल्ली सर्रास ऐकू येणारे ‘छापा मारला’ हिंदी वळणाचे. ते या पुस्तकात कुठेही येऊ दिलेले नाही.