आग्र्याचे रुग्ण लवकर बरे का झाले?

'याला ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्याला जागा आहे का बघा', ही वाक्ये आपण सर्वांनी लहानपणी चेष्टेत ऐकली असतील, म्हटलीही असतील. आमच्या कोकणात ठाण्याऐवजी रत्नागिरी म्हणत. जेद्दाला आल्यावर ऑफिसातल्या सौदी सहकाऱ्यांच्या तोंडी असाच एक शब्द ऐकला, 'शेहार'. अल-हदाचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या ताइफमधल्या, या देशातल्या पहिल्या मनोरुग्णालयाचे हे लोकांच्या तोंडचे नाव. वेडाला दुसऱ्या गावाचे नाव देऊन ते आपल्या दारापासून लांब ठेवायची युक्ती इथेही तीच!

पण मग आजारही सगळीकडे तोच असतो का? या प्रश्नाचा पाठलाग कसा झाला, ती हकिगत मला फार रंजक वाटते. मी डॉक्टर नाही, आकडेमोडीत आयुष्य गेलेला माणूस आहे. कदाचित म्हणूनच वाटत असेल.

१९६० च्या दशकापर्यंत याचे उत्तर मिळणे शक्यच नव्हते, कारण डॉक्टरांचेच एकमत नव्हते. न्यूयॉर्कचे डॉक्टर ज्याला सहज स्किझोफ्रेनिया म्हणत, तशाच रुग्णाला लंडनचे डॉक्टर नैराश्याचा किंवा उन्मादाचा आजार म्हणत. गज वेगळा असेल तर कापडाची लांबी कशी जुळणार? तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने नऊ केंद्रे निवडली. डेन्मार्कचे आऱ्हूस, लंडन, मॉस्को, प्राग, वॉशिंग्टन, तैपेई, कोलंबियातले काली, नायजेरियातले इबादान आणि आपले आग्रा. आग्र्याची धुरा तिथल्या मानसिक रुग्णालयाचे डॉ. के. सी. दुबे यांनी वाहिली. लंडनच्या डॉ. जॉन विंग यांची एकच प्रश्नावली हिंदी, योरुबा, स्पॅनिश, चिनी अशा भाषांत उतरवली गेली. काम वाटते तितके सोपे नव्हे. 'जवळ कोणी नसताना आवाज ऐकू येतात का?' या प्रश्नाला 'देवी बोलते' असे उत्तर आले, तर तो भास धरायचा की श्रद्धा? अंगात येणे लहानपणापासून पाहिलेल्या आपल्याला ही अडचण समजावून सांगायला नको.

एकूण १२०२ रुग्ण तपासले गेले. १९७३ च्या अहवालाने सांगितले की हा आजार नऊही ठिकाणी ओळखता येतो. मॉस्को आणि वॉशिंग्टनचे डॉक्टर मात्र त्याची व्याख्या इतरांपेक्षा सैल करतात. खरा धक्का पुढेच होता. दोन वर्षांनी त्याच रुग्णांची पुन्हा विचारपूस झाली आणि १९७९ मध्ये तो अहवाल छापला गेला. श्रीमंत देशांपेक्षा आग्रा आणि इबादानचे रुग्ण अधिक सावरलेले होते. जिथे डॉक्टर जास्त, औषधे जास्त, तिथले मागे आणि आग्र्याचे पुढे!

कुणाचा विश्वास बसेना. म्हणून १९७८ पासून दहा देशांतल्या बारा केंद्रांत दुसरा, मोठा अभ्यास झाला. त्यात १३७९ रुग्ण होते, आणि चंडीगड शहराबरोबर आसपासची खेडीही होती. निष्कर्षाचा कल तोच निघाला. चंडीगडला डॉ. नरेंद्रनाथ विग आणि लंडनचे डॉ. ज्युलियन लेफ यांच्या चमूने नातेवाइकांना बोलते केले आणि रुग्णाबद्दल बोलताना ते किती टोचून बोलतात, किती राग धरतात, हे चक्क मोजले. लंडनपेक्षा चंडीगडला टोचणी कमी आढळली, शहरापेक्षा खेड्यात आणखी कमी.

हे वाचून आपली छाती फुगते. एकत्र कुटुंब, शेतातले झेपेल तेवढे काम, 'आहे तसा आमचा आहे' ही वृत्ती. मलाही हे पटते; पण अर्धेच. २००८ मध्ये अ‍ॅलेक्स कोहेन, मुंबईत जन्मलेले आणि गोव्यात काम उभे करणारे डॉ. विक्रम पटेल, चेन्नईच्या डॉ. आर. थारा आणि इबादानचे डॉ. ओये गुरेजे यांनी ११ देशांतले २३ अभ्यास समोर मांडून विचारले की 'गरीब देशांत हा आजार लवकर बरा होतो' हे सूत्र झाले कसे? देशादेशांत प्रचंड फरक होता, आणि डॉक्टरपर्यंत कधी पोचलेच नाहीत त्यांचे काय झाले हे रुग्णालयाच्या वहीत सापडत नाही. शिवाय कुटुंब म्हणजे नेमके कोण? डॉ. थारा यांनीच चेन्नईत आजारी आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकांच्या कहाण्या २००३ मध्ये मांडल्या होत्या. सांभाळणारे होते ते म्हातारे आईवडील. सासरच्या घराने हात झटकले होते.

आणि घरच सोडून आलेल्यांचे काय? १९३२ मध्ये ओडेगार्ड या नॉर्वेजियन डॉक्टरांनी दाखवले की अमेरिकेत मिनेसोटाला गेलेल्या नॉर्वेच्या लोकांत हा आजार मायदेशातल्यांपेक्षा जास्त होता. मुळात कमकुवत मनाचेच देश सोडतात, असा त्यांचा तर्क होता. तो मला पटत नाही, आणि पुढच्या संशोधनाचा रोखही परक्या देशातल्या एकटेपणाकडे, अवहेलनेकडे वळला. जेद्दात एका खोलीत सहा-सहा 'बॅचलर' (गावी बायको-मुले असलेले!) राहतात. २०१७ मध्ये कुटुंबीयांवर दरमहा शुल्क लागले तेव्हा कित्येकांनी घरच्यांना मायदेशी पाठवले. अशा खोलीत कुणाला आवाज ऐकू येऊ लागले, तर ते सर्वांत आधी लक्षात येते शेजारच्या पलंगावरच्या माणसाच्या. आणि उपाय म्हणून सुचतो तो बहुधा 'खुरूज'चा शिक्का आणि मुंबईचे तिकीट.

परदेशस्थ मराठी माणसाने या विषयात केलेले एक मोठे काम मात्र आहे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांनी ते लपवले नाही. उलट १९९७ मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' सुरू केली. २००४ चा 'देवराई' चित्रपट त्यांच्याच पुढाकारातून आला. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचे दिग्दर्शन, अतुल कुलकर्णी रुग्णाच्या भूमिकेत आणि त्याला सांभाळताना दमणारी बहीण सोनाली कुलकर्णी. ती दमणूक कुठल्याच तक्त्यात मावत नाही.

अलीकडचा महत्त्वाचा प्रयोग तर आपल्या साताऱ्यातही झाला. सातारा, गोवा आणि तमिळनाडूतले कांचीपुरम येथील २८२ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. सर्वांनाच डॉक्टरांचे उपचार होते. एका गटाकडे त्याखेरीज डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते वर्षभर घरी जात राहिले. औषधे नीट घेतली जातात का, अंघोळ, बाजार, काम जमते का, हे पाहत. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. रोजचे व्यवहार जमण्यात फरक पडला, पण बेताचाच. सर्वांत ठळक फरक दिसला तो कांचीपुरमच्या खेड्यांत, जिथे आधी जवळपास काहीच सोय नव्हती.